भाल्याच्या टप्प्यात

"हत्यार कुठलं देऊ तुम्हाला?" दातांच्या डाक्टरणीनं मला विचारलं.

मी म्हटलं, "मला दाताचं काय न्हाई, बाई. समदे शाबूत हायत."

पिंट्या मिसाळ म्हणून एक गोलमटोल पोरगं समोर बसलं हुतं, ते हसता हसता खुर्चीवरनं घसरलं. माझी पोरगी संयोगिता कपाळाला हात लावून म्हणाली, "आबा, खेळातलं हत्यार विचारतीय ती. मघाशी गाडीवर सांगितलं की तुम्हाला."

सांगितलं हुतं खरं. पण गाडीवर माझं ध्यान खेळात नव्हतंच. मी निघालो हुतो 'न्हाई' म्हणायला. संयूनं स्वतःच एक पोरगं बघून ठेवलं हुतं, केदार बुगडे नावाचं, आन् ते पोरगं कवळ्या करायचं. म्हंजे धंदाच तो. डाक्टर तोंडाचं माप घेऊन देणार, आन् ह्यानं कारखान्यात बसून म्हाताऱ्या माणसांचे दात बनवायचे. आता मी दुधाच्या टँकरवरचा ड्रायव्हर, शाळा सातवीपतूर, मला कुणाच्या धंद्याला नाव ठेवायचं काय कारण न्हाई. पण आमच्या पेठेत मी कोण? मर्दानी खेळाचा वस्ताद हिंदुराव चौगुले. लाठी, भाला, पट्टा शिकवून पोरांच्या कैक पिढ्या मी तालमीतनं बाहेर काढलेल्या. आन् माझा जावई कवळ्या करणार? तालमीत मी तोंड कुठं दाखवू?

कागलचं एक स्थळ माझ्या मनात भरलं हुतं. पोरगा दांडगा, घरची उसाची शेती, गुरुवारी ती माणसं बघायला येणार हुती. संयूनं लई आदळआपट केली न्हाई. ती तशी न्हाईच. शाळेत खेळाची बाई हाय ती, शिट्टीवर पोरी पळवती. तिनं मला सरळ सांगितलं, "आबा, रविवारी माझ्याबरोबर चला. केदारला एकदा बघा. बघून तुम्ही नाही म्हणालात, तर गुरुवारी मी मुकाट्यानं चहा घेऊन बाहेर येते. कागलवाल्यांना हो म्हणते. शब्द."

"मग त्यालाच घरी बोलीव की."

"घरी नको. तुम्ही मिशीवर हात ठेवून प्रश्न विचारणार, तो खाली मान घालणार. संपलं. चारचौघात त्याच्या तोंडातनं शब्द फुटत नाही. खेळताना बघा त्याला."

म्हणून त्या रविवारी दुपारी मी त्या दवाखान्यात. डाक्टरीण म्हंजे नसरीन मुल्ला, संयूची शाळेपासनंची मैत्रीण. दवाखाना बंद, आन् जिथं पेशंट गाल धरून बसतात तिथलं टेबल मधी ओढलेलं. टेबलावर घरं आखलेला मोठा कागद. त्या कागदावर काय मांडलेलं? प्लास्टरचे जबडे! खालचे, वरचे, एक तर नुसती अक्कलदाढ. केदारच्या कारखान्यातले फुकट गेलेले साचे हुते ते. नसरीन म्हणाली, "हे लांडगेतोंडे. राक्षस आहेत."

"आन् हे कापसाचे बोळे?"

"ती गावातली माणसं. आपण त्यांना नदीपलीकडं सुखरूप न्यायचं."

खेळ असा हुता बघा. नसरीन गोष्ट सांगणार. बाकीच्यांनी एकेक माणूस घ्यायचा आन् आपला माणूस काय करतो ते सांगायचं. जमलं का न्हाई ते फासा टाकून ठरवायचं. फाशाला तोंडं वीस. मोठा आकडा आला की फत्ते, बारका आला की बोंबला. पिंट्या वैद्य झाला हुता. माझी पोरगी पट्टेकरीण. ते मला पटलं. पट्टा मीच शिकवलाय तिला, तालमीत पोरांना ती कधी ऐकली न्हाई.

मी म्हटलं, "मला भाला द्या. न्हाईतर लाठी. दुसरं मी हातात धरत न्हाई."

नसरीननं टेबलाच्या कोपऱ्याला बसलेल्या केदारकडं बघितलं. भालेदार केदारचा हुता. गुलाबी मेणाचा गोळा आन् त्यात खोचलेली दात कोरायची काडी, असा तो माणूस. केदारनं काय केलं? त्यातली काडी उपसून माझ्यापुढं ठेवली, माझा गडी म्हणून.

"घ्या काका."

"आणि तू?" नसरीननं विचारलं.

"मला मशाल दे एक. मी उजेड धरतो."

मी मनातल्या मनात म्हटलं, झालं. हितंच कळलं. कुणी मागितलं की हातातलं हत्यार काढून देणारा माणूस. उद्या कुणी घर मागितलं तर घर दील! अंगानं बी तसाच. मनगट माझ्या दोन बोटांत मावंल एवढं, आन् डोळ्याला हा जाड चष्मा. मी संयूकडं बघितलं. तिनं माझ्याकडं बघितलंच न्हाई.

नसरीननं मला भाल्याचा कायदा समजावला. बाकीच्यांचं हत्यार शेजारच्या घरापतूरच पोचतं, भाला दोन घरं पोचतो. आन् दुसरी गोष्ट, दुश्मनानं चालत तुमच्या टप्प्यात पाऊल टाकलं, की तुमची पाळी नसली तरी एक वार तुमचा. लागला तर तो गडी हाय तिथंच थांबणार, त्याचं पुढचं पाऊल पडणार न्हाई.

"पण काका, एका फेरीत असा वार एकच. तो वापरला की त्या फेरीत दुसऱ्याला अडवता येत नाही."

"मला नको सांगूस, पोरी. माझा जन्म त्यात गेलाय."

आन् सुरू झालं. माळावर आम्ही चाललोय, मधी कापसाचे बोळे, आन् नसरीन आवाज खाली नेऊन सांगतीया, झुडपात काय तरी हललं, वास आला, गुरगुर आली. बाईनं असं सांगितलं की माझ्या हातावर काटा आला. मग चार जबडे तिनं कागदावर ठेवले.

"भालेदार काय करतो?"

मी उठून उभाच राहिलो. कोपऱ्यात फरशी पुसायचं फडकं हुतं, त्याला लावलेला दांडा काढला आन् दाखवलं. "मी हितनं निघतो, ह्या मधल्या घरात येतो आन् रिंगण घेतो. असं! डोक्यावरनं, कमरेखालनं, गोल. माशी आत येणार न्हाई."

"काका, टीव्ही," नसरीन म्हणाली.

भिंतीवरचा टीव्ही बोटभर वाचला. मी दांडा खाली घेतला आन् फासा टाकला. अठरा! मी मांडीवर थाप मारली.

नसरीननं घरं मोजली. "दोन लांडगेतोंडे जखमी. आणि पिंट्या."

"पिंट्या? पिंट्याला काय झालं?"

"तुमच्या गोलात तो पण होता."

पिंट्या रडवेल्या तोंडानं म्हणाला, "काका, मला का मारलं?"

"तू मधी का उभारलास मग?"

"मी वैद्य आहे! तुम्हाला लागलं तर बघायला तुमच्या मागनं आलो!"

"अरे, रिंगण घेतलं की बाजूला व्हायचं असतं. शेंबड्या पोराला कळतं ते आमच्यात."

आन् ते खरं बी हुतं. शिवजयंतीला चौकात मी भाला हातात घेतला की पोरं वरडायची, "वस्ताद आले, रिंगण मोकळं करा!" लोकं दुकानाच्या पायरीपतूर मागं सरकायची. मधी मी एकटा. भाल्याचा टप्पा म्हंजे माझ्यालेखी रिकामी जागा. त्या जागेत आपलं माणूस उभं असंल, हा विचारच कधी डोक्यात आला नव्हता. कशाला यील? आमच्यात कुणी उभंच ऱ्हात न्हाई.

ती लढाई कशी संपली म्हणता? मी पुढं पुढं पळत गेलो, माझ्यामागं रान मोकळं पडलं, आन् उरलेले दोघं बोळ्यांवर तुटून पडले. संयूला माघारी पळत यावं लागलं. एक बोळा गेला. पिंट्या अर्धमेला. केदारनं मशाल तोंडावर हाणून एकाला कसंबसं लांब ठेवलं. संयूनं पट्ट्यानं दोघं बी कापले, पण तिला बी चावे बसले.

"चहा घेऊ," नसरीन म्हणाली. लहान पोरगं पडलं की आपण खाऊचं नाव काढतो ना, तसंच ते.

चहा पिता पिता पिंट्या पुटपुटला, "केदारकडं भाला असताना मला आजवर एक ओरखडा पण आलेला नाही."

"पिंट्या, खा तू," संयू म्हणाली.

"खरं तेच बोलतोय."

मी कप खाली ठेवला आन् केदारकडं वळलो. बघायला आलो हुतो, पण तवर त्याच्याशी एक शब्द बोललो नव्हतो. "काय रं? तू असं काय करायचास भाला घेऊन?"

"काही नाही काका. उभा राहायचो."

"कुठं?"

"संयूच्या मागं."

मी हसलो. जरा मोठ्यानंच हसलो. "म्हंजे बायकूच्या पदराआड!"

कुणी हसलं न्हाई. संयूच्या तोंडाचा रंग बदलला. "आबा!"

पण ते पोरगं हसलं, आन् खरं हसलं. म्हणालं, "पदर कुठला काका, पट्टा तो. पदराआड लपलो असतो तर परवडलं असतं. एकदा मी जरा पुढं आलो तर तिनं माझाच कान उडवला होता."

"डावा," पिंट्यानं सांगितलं. "मीच शिवला."

आता मला बी हसू आलं. मिशीत दाबलं ते. म्हटलं, "ते असू दे. मागं उभं राहून माणसानं करायचं काय?"

तो चष्मा पुसायला लागला. चष्मा काढला की त्याला बोलायला सोपं जात असावं, समोरचं तोंड दिसत नसंल म्हणून. "तिला पट्टा फिरवायला जागा लागते, काका. मी शेजारी उभारलो की तिचा हात अडकतो. पुढं उभारलो तर तिला काहीच करता येत नाही. मागं उभारलं की तिच्या खांद्यावरनं भाला पोचतो. डाव्या अंगानं कुणी आला, अडवला. उजव्या अंगानं आला, अडवला. तिच्यावर एका वेळी एकच जण येईल एवढं मी बघतो. मग पुढचं ती बघते."

"आन् तू मारतोस कुणाला?"

"फारसं कुणाला नाही. वार शिल्लक ठेवतो."

"मग लोकं वाहवा कुणाला म्हणायची?"

त्यानं चष्मा घातला आन् खरंच कळलं न्हाई असं माझ्याकडं बघितलं. "तिला."

मी कप परत उचलला. पट्ट्याला कोपरभर मोकळी जागा लागती हे मी पोरांना घसा फोडून सांगत आलोय. ह्यानं पट्टा हातात कधी धरला नसंल, पण संयूचा हात बघून वळखलं हुतं.

"मग मला का दिलास भाला? मागितला म्हणून?"

"संयू नेहमी म्हणते, भाला धरावा तर आबांनी. मला बघायचा होता."

आता असं बोलल्यावर माणसानं काय करायचं सांगा. मी म्हटलं, "बघितलास न्हवं? पिंट्याला विचार कसा हुता ते." आन् समदी हसली. पिंट्या पयला.

चहानंतर नदी आली. नदीवर दोरांनी बांधलेला लाकडी पूल, अरुंद. नसरीननं कागदावर दोन रेघा वढल्या, मधी एकाच घराची वाट. पुलावर शिरायच्या तोंडाशी आपल्यातल्या एकानं उभं ऱ्हायचं, मागनं येणारी टोळी अडवायची, तवर बोळे पुलावरनं पार करायचे. पुढं जागा एकाचीच.

"पुढं मी," मी म्हटलं.

"नाही आबा. पुढं मी."

"तू माझी पोरगी हायस, संयू."

"घरी आहे. इथं मी पट्टेकरीण आहे."

"तुला मघाशी चावे बसलेत. माझा गडी धडधाकट हाय."

"मला चावे कुणामुळं बसले?"

मी केदारकडं बघितलं. गडीमाणूस म्हणून माझी बाजू घील असं वाटलं. "तू सांग की तिला जरा."

"एकदा सांगून बघितलंय, काका," तो म्हणाला. "तो कान तेव्हाच गेला."

"लवकर ठरवा," नसरीन म्हणाली. "ते टेकाड उतरतायत."

मी काडी उचलली आन् पुलावर संयूच्या मागल्या घरात ठेवली. जबडे एकेक करून कागदावर येत हुते आन् त्या समद्यांच्या आन् माझ्या मधी माझी पोरगी उभी. टोपणाएवढी. ती सोंगटी म्हंजे औषधाच्या बाटलीचं टोपणच हुतं. माझ्या मागल्याच घरात, कठड्याला लागून, केदारचा मशालवाला. त्याच्या मागं पिंट्या बोळ्यांना हाकतोय.

पयला लांडगेतोंड्या निघाला. लांबच हुता. माझा हात फाशाकडं गेला.

"काका, वार करणार?" नसरीननं विचारलं. "पुढं सरकून पोचता येईल तुम्हाला. पण मग संयूच्या घरात गर्दी होईल."

"थांब," मी म्हटलं. "यू दे त्याला."

तो आला. एक घर. आनखी एक. टप्प्यात पाय पडला आन् मी फासा टाकला. लागला! नसरीननं जबडा तिथंच आडवा केला. "थांबला. संयू, तुझी पाळी." संयूनं फासा टाकला आन् जबडा कागदावरनं गेला.

तिनं मागं वळून माझ्याकडं बघितलं. लहानपणी पयल्यांदा पट्टा हवेत वाजला तवा बघितलं हुतं, तसं.

मग काय, लयच लागली आम्हाला. दोघं दोघं यायचे. मी एकाला टप्प्यावर धरायचो, दुसरा तिच्यापुढं एकटा पडायचा, आन् एकटा पडला की मेला. ती बोलायची न्हाई, मी बोलायचो न्हाई. नुसता फाशांचा आवाज. चौकात एवढे खेळ केले, पण दुसऱ्या माणसाबरोबर मिळून असा मी कधी खेळलो नव्हतो. पिंट्या मोजत हुता, "निम्मे गेले पलीकडं! थोडेच राह्यले!" मी घाम पुसला. पंख्याखाली बसून घाम आलता मला.

शेवटचा बोळा ऱ्हायला. एक म्हातारी हुती ती, नसरीननं सांगितलं, तिचा पाय लंगडा. केदार तिला कठड्याच्या कडेनं सरकवत हुता. मशाल विझत आलेली.

तेवढ्यात नसरीननं दोन साचे उचलले. मोठा जबडा संयूच्या डाव्या अंगाला ठेवला. आन् ती अक्कलदाढ पुलाच्या खालनं वर, केदारच्या शेजारी.

"हा मोठा आडवाटेनं संयूवर येतोय. आणि हा एक खांबाला धरून वर चढलाय, केदारच्या अंगावर. दोघं एकदमच. काका, दोघंही तुमच्या टप्प्यात आहेत. वार एक."

पिंट्या वरडला, "काका, संयू! संयूवरचा!"

"केदारला किती जीव राह्यलाय?" मी विचारलं.

"एक चावा बसला तर संपला," नसरीन म्हणाली. "आणि माझ्या खेळात मेला तो मेला. परत येत नाही."

तो माणूस केदारनं कॉलेजपासनं संभाळलेला हुता, एवढं मला पिंट्यानं चहाच्या वेळी सांगितलं हुतं. भालेदार म्हणून संभाळलेला. मशालवाला त्याला मी केला हुता.

केदार म्हणाला, "काका, संयूकडं बघा तुम्ही. तिला आधीच लागलंय. मी मेलो तर पुढच्या रविवारी नवा माणूस घेईन. त्यात काय." आन् ते बोलताना सुद्धा बोटानं म्हातारीचा बोळा एक घर पुढं सरकवला त्यानं. स्वतःची पाळी त्यात घालवली. मशाल उगारली असती तर निदान एक फासा तरी पदरात पडला असता.

मी संयूकडं बघितलं. ती माझ्याकडं न्हाई, त्या मोठ्या जबड्याकडं बघत हुती. हातात फासा धरून बसली हुती. तिच्या तोंडावर मला हाक मारल्याची एक रेघ नव्हती. पट्टा हातात असताना ती अशीच उभी ऱ्हायची, तालमीत, पाय रोवून. आन् मी तिकडनं वरडायचो, खांदा खाली घे. तिनं खांदा खालीच घेतलेला असायचा.

"काका?" नसरीन म्हणाली. "कुणाला अडवताय?"

"मशालवाल्यावरचा," मी म्हटलं.

पिंट्याच्या तोंडातला बिस्किटाचा तुकडा तसाच.

"मग संयोगिताला कोण वाचवणार?" नसरीननं विचारलं.

"ती हाय की," मी म्हटलं आन् फासा टाकला.

फासा घरंगळत जाऊन कागदाच्या कडेला थांबला. चौदा. नसरीननं अक्कलदाढ उचलली आन् टेबलाखाली टाकली. "गेला नदीत."

मग तिनं मोठ्या जबड्यासाठी फासा टाकला. तो बी लागला. "संयू, खांदा फाटला तुझा. गुडघ्यावर आलीस." मी खुर्चीतनं अर्धा उठलो. टोपणच की ते, औषधाच्या बाटलीचं. पण उठलो. आन् मग संयूनं आपला फासा नुसता ठेवल्यासारखा टाकला. एकोणीस.

पिंट्या खुर्चीवर चढला. जबडा गेला, म्हातारी पलीकडं गेली, संयूनं पलीकडं सरकून गुडघ्यावरनंच पुलाचे दोर तोडले, काय काय झालं. मी ऐकत नव्हतो. संयू माझ्याकडं बघत हुती. डोळे भरले हुते आन् हसत बी हुती. तिला कळलं हुतं. त्या पोराला अजून काय कळलं नव्हतं, ते बिचारं मशालवाला परत सरळ उभा करत हुतं.

"केदार," मी म्हटलं.

"काय काका?"

"तुझे आईवडील कुठं असतात?"

"गडहिंग्लजला."

"त्यांस्नी गुरुवारी सवड हाय का विचार. घरी या म्हणावं. मटण खातात न्हवं?"

त्यानं तोंड उघडलं, पण शब्द फुटला न्हाई. संयूनं सांगितलंच हुतं तसं. नुसता मान हलवत राह्यला. पिंट्यानं मागनं त्याला असा दणका दिला की चष्मा टेबलावर.

मी बाहेर पायरीवर आलो आन् घरी फोन लावला. मालन, माझी बायकू, वाटच बघत हुती. पयली घंटा पुरी व्हायच्या आत उचलला.

"झालं का? म्हटलासा का न्हाई म्हणून?"

"कागलवाल्यांस्नी येऊ नका म्हणून कळीव."

ती म्हणाली, "पोरगं कसं हाय?"

"बारीक हाय. चष्मा हाय जाड. कवळ्या करतंय."

"आवो, ते म्हाईत हाय. मग?"

"मग काय? चालंल."

"चालंल म्हंजे? आन् ती मागं कोण वराडतीया? संयू हाय का? रडतीया व्हय?"

"न्हाई, हसतीया. खांद्याला लागलंय तिच्या जरा, पण हसतीया."

"लागलंय? आगं बाई! कुणी मारलं? कशानं लागलं? आवो, बोला की! पोरीला लागलं तवा तुम्ही कुठं हुतासा?"

"मागं हुतो," मी म्हटलं. "तिच्या मागंच उभा हुतो."